वरच्या तळ्याचा भोंगा

"उचल म्हणावं," बेगिमाय म्हणाली.

सागिनबेकने वॉकीटॉकीवर निरोप दिला. वर, हिमनदीच्या तळ्याकाठी, बेगिमायच्या नवऱ्याने, एर्मेकने, पाण्यावरचा तरंगता गोळा हाताने उचलून धरला. पाणी चढलं की तो गोळा असाच वर येणार होता आणि खाली गावात भोंगा वाजणार होता. पण खांबावरचा भोंगा गप्पच राहिला.

सागिनबेक गावचा प्रमुख. यंदा बर्फ भराभर वितळत होतं आणि तळ्याला बांध होता तो नुसत्या दगडमातीचा. "जुनीच चिप आणायचीस की गं पोरी."

"कुठून आणू, काका? कारखान्याने ती बनवणंच बंद केलंय. बिश्केकच्या बाजारात एक मिळाली, तर वरचं नाव घासून नवं छापलेलं. आत भलतंच काहीतरी."

वीज पडून खांबावरच्या पेटीतली, भोंगा वाजवणारी जुनी चिप जळाली तेव्हापासून बेगिमाय या पेटीमागे लागली होती. शेवटी तिने नव्या जातीची चिप निवडली. त्या चिपचे धातूचे पाय वेगळे, म्हणून जोडपट्टी बनवली. प्रोग्राम पहिल्यापासून लिहिला. घरच्या टेबलावर सगळं नीट चाललं होतं. तिथे भोंग्याऐवजी लहानसा दिवा जोडलेला होता, एवढंच.

तिने पेटी उघडून मीटरची टोकं टेकवली. गोळा उचलल्याचं चिपला कळत होतं. तिच्याकडून हुकूमही निघत होता. पण जुनी पाच व्होल्ट द्यायची, ही जेमतेम सव्वातीन. तेवढ्याने भोंग्याचा रिले, म्हणजे त्याला वीज सोडणारा खटका, हलत नव्हता.

"हिला ऐकू येतंय, काका. ओरडायला दम नाही."

"मग?"

"मधे कुणीतरी दांडगा बसवते."

तिने डब्यातून तीन पायांचा एक इवलासा ट्रान्झिस्टर काढला, खांबाला टेकून तो पेटीत डाख देऊन जोडला. "आता सांगा."

भोंगा असा काही कडाडला की कुत्री पळाली, कोंबड्या छपरावर चढल्या. चाचणी आहे हे ठाऊक असूनही बायका पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. खांबाभोवती गर्दी जमली, टाळ्या पडल्या. कुणीतरी बेगिमायच्या हातात कुमिसचं, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं, भांडं दिलं. ती तिथेच मातीत बसली, एका घोटात निम्मं प्यायली आणि बाहीने डोळे पुसत हसत सुटली.

"अजून एकदा वाजवू का?" वॉकीटॉकीवर एर्मेक विचारत होता.

"नको रे बाबा!" सागिनबेक कान चोळत म्हणाला.

तेवढ्यात टेकडीवरून हाक आली. गाईचं दावं हाताला गुंडाळून बुरुल आजी पार माथ्यावर उभी होती, धापा टाकत.

"आजी, चाचणी होती गं! ये खाली!" बेगिमाय ओरडली.

"वाजलं की वर पळायचं, असं तूच सांगितलंस ना?" आजी वरून खेकसली. "मग सगळे खाली काय करताय, मेल्यांनो?"