गावाच्या वतीनं

वडिलांच्या चितेपुढं कांचननं पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं, तसं धाकट्या भावानं ते हिसकावलं.

"तू साडी नेसलीस त्याच दिवशी आमचा थोरला भाऊ मेला. आप्पांना अग्नी मी देणार."

सरपंच म्हणून ही स्मशानशेड तिनंच बांधून घेतली होती. शेडच्या खांबाला टेकून तिनं आप्पांना जळताना पाहिलं. तिला निवडून देणारे धाकट्याच्या मागं उभे होते.

मग रिवाजाप्रमाणं मास्तर उठले. "आता गावाच्या वतीनं आप्पा घोलपांना सरपंच श्रद्धांजली वाहतील."

ती पुढं आली. पहिली साडी आप्पांनीच गुपचूप आणून दिली होती, तेवढंच सांगायचं होतं. पण हात जोडून तिनं दर मयताचं वाक्य म्हटलं,

"घोलप कुटुंबाच्या दुःखात आपण सगळे गावकरी सहभागी आहोत."