दिसला तं सोडू नका

मिनलच्या पडद्यावर तिच्या सख्ख्या भावाचा फोटो आला आणि माउसवरचा तिचा हात थांबला.

कामठीचा बाजार. जितेंद्र मोटरसायकलवर. मागे कापडाचं गाठोडं, पुढे टाकीवर रडणारं एक पोर. फोटोखाली ओळ होती : ‘हाच तो. बाजारात पोरं पाहून राहिला. दिसला तं सोडू नका.’

पोर गर्दीत हरवलं होतं. जितेंद्रनं त्याला गाडीवर घेतलं आणि विचारत विचारत त्याच्या आईपर्यंत पोचवलं. आईनं त्याला चहा पाजला. तोवर कोणीतरी फोटो काढून मोकळा झाला होता.

नागपूरच्या गांधीबागेतून कापडाचे कटपीस उचलायचे आणि गावोगाव फिरून विकायचे, हा जितेंद्रचा धंदा. पोरं पळवणारा म्हणून फोटो पसरला आणि एका गावात लोकांनी त्याची गाडी अडवली. दुसऱ्या गावात कॉलर धरली. तेव्हापासून तो घरात बसून होता. त्याच्या बायकोनं, प्रेमिलानं, फोटो ज्या ॲपवर फिरत होता त्या कंपनीकडे तक्रार केली. शेजाऱ्यांनीही केली. सगळ्यांना एकच उत्तर आलं : या पोस्टमध्ये नियमभंग आढळला नाही.

“तू तं तिथंच काम करते नं वं मिनल?” प्रेमिला रोज फोनवर विचारायची.

मिनल काम करायची ते खरं. वर्धा रोडवरच्या एका इमारतीत बसून लोकांनी टाकलेल्या मराठी पोस्ट तपासायच्या, ठेवायची की हटवायची ते ठरवायचं. पण कोणती पोस्ट कोणापुढे जाईल, हे मशीन ठरवायची. मिनलच्या हातात फक्त समोर येईल ते होतं.

आज ती पोस्ट समोर आली होती.

नियम तिला पाठ होता. ओळखीच्या माणसाबद्दलची पोस्ट असेल तर हात लावायचा नाही, वर पाठवायची. वर पाठवल्यावर काय उत्तर येतं, तेही तिला आता पाठ झालं होतं : नियमभंग आढळला नाही. तिनं ‘हटवा’ दाबलं.

चहाच्या सुट्टीत तिनं लॉकरमधून फोन काढला.

“वहिनी, निघाला फोटो. मी सोताच काढला.”

पलीकडे प्रेमिला रडायलाच लागली. मग जितेंद्रचा आवाज आला. “पक्कं नं?”

“पक्कं, दादा.”

“मंग आज काटोलकडं चक्कर मारून येतो. घरात बसून बसून डोकं फिरून राहिलं.”

मिनल हसली. फोन लॉकरमध्ये ठेवून कामावर परतली.

दुपारी ऋषिकेशनं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. तो तिच्या टीमचा प्रमुख. पुण्याहून आलेला, माणूस वाईट नव्हता.

“मिनल, तुझा एक निर्णय फेरतपासणीत उलटलाय. पोस्ट परत लावली त्यांनी.”

“कोणी?”

“बाहेरच्या देशातली टीम आहे. त्यांना मराठी येत नाही, भाषांतर वाचून ठरवतात.” त्यानं पडदा तिच्याकडे वळवला.

इंग्रजीत लिहिलं होतं, की हाच तो माणूस, जो बाजारात मुलांची देखभाल करत आहे. तो दिसल्यास त्याला एकटं सोडू नका. खाली शेरा होता : मजकूर आपुलकीचा. धमकी नाही.

मिनलनं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“सर, पोरं पाहून राहिला म्हणजे पोरांवर नजर ठेवून आहे. सोडू नका म्हणजे मारा. इथं शेंबड्या पोरालाही कळेल हे. माझा भाऊ आहे तो!”

“भाऊ?” ऋषिकेशचा चेहरा उतरला. “मग तू हात कसा लावलास पोस्टला?” फेरविचाराची विनंती टाकतो, असं तो म्हणाला. ओळखपत्र मात्र त्यानं तिथंच टेबलावर ठेवायला सांगितलं.

ती लॉकरकडे धावली. जितेंद्रचा फोन नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजला. मग बंद लागायला लागला.

काटोलच्या अलीकडे एका टपरीवर तो पाणी प्यायला थांबला होता. तिथं कोणीतरी त्याच्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

संध्याकाळी सरकारी दवाखान्यात तो बेशुद्ध पडून होता. डोक्याला पट्ट्या, जबडा बांधलेला. डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. टपरीवर पन्नासेक माणसं होती, पण पोलीस जमादारानं विचारलं तेव्हा कोणीच काही पाहिलं नव्हतं.

“मारतानाचा व्हिडिओ टाकला म्हणते कोणीतरी,” जमादार म्हणाला. “त्यात तोंडं दिसतीन साऱ्यायची. तेवढा भेटला तं रातच्यालेच उचलतो एकेकाले.”

मिनलनं फोनवर शोधला. सापडला. काळ्या चौकोनात पांढरी अक्षरं होती : हिंसक दृश्यांमुळे हा व्हिडिओ हटवण्यात आला आहे.

“काढला त्यायनं,” ती म्हणाली. “टाकल्याबरोबर निघाला असंल. रक्त दिसलं का मशीनच काढते. कोणाले विचारा नाही लागत.”

जमादारानं टोपी काढून कपाळ पुसलं. “मंग कंपनीले लिहा लागीन. महिने जातीन त्यात. तोवर कोण कोणाले ओळखते?”

प्रेमिला नवऱ्याच्या उशाशी बसली होती. तिनं मान वर करून मिनलकडे पाहिलं.

“म्हणजे काढता येते तं,” ती म्हणाली.