फळीवरचा गडू

प्रात्यक्षिकात सगळ्यांसमोर उल्हासचा आणि मालविकाचा असे दोन रोबो खुर्च्यांमधून वाट काढत मिळून फळी नेणार होते. फळीवर अमृतराव घाटावरच्या गंगाजळानं काठोकाठ भरलेला गडू होता. विभागात नोकरीची जागा एकच होती, आणि विभागप्रमुख सरांच्या तोंडी नाव होतं कालपरवा आलेल्या मालविकाचं. उल्हासचा जळफळाट चालला होता. तिचा रोबो वळणावर मागे पडला तर आपल्यानं थांबायचं, ही सूचना त्यानं प्रोग्राममधून गुपचूप पुसून टाकली. गडू पडला की बोल तिलाच लागणार. “गंगाजी गिरनी नहीं चाहिए,” सर हसले. वळणावर तिचा रोबो रेंगाळला, फळी कलली. पण त्यानं वेग वाढवून उल्हासच्या रोबोला गाठलं. टाळ्या पडल्या. मालविका कुजबुजली, “उल्हासदादा, तुमचावाला थांबलाच नाही! मेरेवाले ने सँभाल लिया. सरांना नाही सांगणार.” तिनं गडू त्याच्या हाती दिला. पाणी तेव्हा सांडलं.