रस आणि चोथा

"चूक? माझ्या प्लँटमध्ये? अहो, माझी माणसं झोपेतसुद्धा चुकत नाहीत!" व्हीलचेअरवर बसल्या बसल्या वस्ताद काचेवर बोट आपटत म्हणाले.

"आधी श्वास घ्या," काकूंनी त्यांचा मास्क वर ओढला. "निम्मा दम बढाया मारण्यातच जातो यांचा."

काचेपलीकडे, पांढऱ्याशुभ्र खोलीत, स्टँडला एक पिशवी लटकत होती. पिशवीत गढूळ पाणी, आणि त्या गढूळपणात वस्तादांचा जीव. रक्ताचा कॅन्सर. डॉक्टरांनी वस्तादांच्याच रक्तातल्या पेशी काढल्या, त्यांना रोगाशी दोन हात करायला शिकवलं आणि वाढवायला इथे, या औषधाच्या प्लँटमध्ये, पाठवलं. आज त्या पाण्यातून वेगळ्या काढायच्या आणि परत वस्तादांच्या अंगात सोडायच्या. त्या पेशींना जागा व्हावी म्हणून दवाखान्याने जालीम औषधं देऊन वस्तादांचं रक्त आधीच झाडून-पुसून रिकामं केलं होतं. खरं तर डॉक्टरांनी दुसरी, मोठी कंपनी सुचवली होती. वस्ताद उखडले होते. "उभी हयात या प्लँटमध्ये गेली माझी. जगेन तर माझ्याच माणसांच्या हातून!"

मॅनेजरला हे वाक्य फार आवडलं. त्याने लगेच फिल्म काढायचं ठरवलं, कॅमेरावाला बोलावला आणि निवृत्त फोरमनला दवाखान्यातून थेट काचेपुढे आणून बसवलं. डॉक्टर नको म्हणत होते, पण डॉक्टर फिल्ममध्ये नव्हते. मॅनेजरने वस्तादांच्या हातात माईक दिला; त्याचा आवाज काचेपलीकडेही जायचा.

"दोन शब्द बोला. मग नुसतं बघत बसा."

नुसतं बघणं वस्तादांना जन्मात जमलं नव्हतं.

आत चिमणी होती. अंगाने चांगली भरभक्कम, पण वस्तादांनी कामावर घेतलं त्या दिवशी चिमणी म्हणून हाक मारली आणि तेच नाव चिकटलं. तिने सीलबंद पाकीट फोडून नवा सेट जोडला. पूर्वी या कामाला पोलादी यंत्र होतं, ते धुताना माणसाचे हात सोलून निघायचे. आता वाटी, नळ्या, पिशव्या, सगळं प्लास्टिकचं. एकदा वापरायचं नि फेकायचं. वाटी गरागरा फिरते, पेशी कडेला चिकटून बसतात, नितळ पाणी वर येतं. बाहेर पडणाऱ्या नळीला दोन फाटे, दोन्हींवर चिमटे. एक फाटा दुसऱ्या, रिकाम्या पिशवीत जातो. दुसरा ड्रममध्ये. ड्रममध्ये असं जंतुनाशक, की पडेल ते मेलंच पाहिजे.

वाटी फिरायला लागली. वस्तादांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

"आला, रस आला! चिमणे, पिशवीचा चिमटा उघड!"

तिने उघडला. हा आवाज ऐकला की तिचा हात आधी चालायचा, डोकं मागून पोचायचं. पाणी झरझर पिशवीत उतरलं.

"शाब्बास. आता चोथा. ड्रम उघड!"

चिमणी थबकली. "वस्ताद, पण आज..."

"पण-बिण काय? इतकी वर्षं काय शिकवलं मी? रस ठेवायचा, चोथा फेकायचा. उघड म्हणतो ना!"

तिने ड्रमचा चिमटा उघडला. पिवळट, दाट काहीतरी नळीतून सरकलं आणि ड्रममध्ये गडप झालं. यंत्राने इमानदारीने दोन्ही नळ्या वितळवून बंद केल्या.

"बघा!" वस्ताद माईकवर गरजले. "पिशवी बघा! आरपार दिसतंय. एक पेशी राहिली असेल तर नाव बदलेन!"

मग काकूंनी हळूच विचारलं, "अहो, पण पेशीच हव्या होत्या ना?"

इतकी वर्षं इथलं औषध रसात निघायचं आणि पेशी म्हणजे चोथा असायचा. आज पहिल्यांदाच सगळं उलटं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. वस्तादांना तर चिमटे लावायच्या आधीपासून.

"दुसरा सेट लावा!" मॅनेजर ओरडला. "लगेच!"

"सेट कपाटभर आहेत, साहेब," आतून चिमणी म्हणाली.

काकू खाली वाकून वस्तादांच्या अंगावरची चादर सारखी करू लागल्या. ती सारखीच होती.

मॅनेजरला घाम फुटला होता. त्याने तो पुसला आणि तो पुन्हा मॅनेजर झाला. "चिमटा कोणी उघडला? बाई, तुम्हीच ना? मग जबाबदारी तुमची. उद्यापासून येऊ नका."

"ए!" वस्तादांनी माईक तोंडाशी धरला. आवाज आता चिरका झाला होता. "हात तिचा होता, तोंड माझं होतं. माझा जीव मीच ड्रममध्ये ओतला. तिला कोणी काही बोलायचं नाही."

"मी फोनवर होतो," मॅनेजर म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही."

"तुला नसेल आलं. कॅमेऱ्याला आलंय." वस्ताद चक्क हसले. "चिमणे, रडू नकोस. मी गेलो तरी ही फिल्म राहणार. कोणी तुझ्याकडे बोट दाखवलं तर लावून दाखव. मी स्वतः सांगेन त्यात, माझीच चूक म्हणून. लाव रे बाबा, आत्ताच लाव, साहेबांना ऐकू दे."

कॅमेरावाल्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. कॅमेरा उलटा करून बघितला. तो सुरुवातीपासून बंदच होता.

बॅटरी चार्ज करायची राहिली होती.