नक्कल

“चालणं कधीपासून बदललं यांचं?” डॉक्टरबाईंनी विचारलं आणि पेन कागदावर टेकवलं.

प्रश्न नवऱ्याला होता, पण बायकोचं तोंड आधीच उघडलं होतं. गेले कित्येक महिने असंच चाललं होतं. कुणी काही विचारलं, की तो विहिरीत पोहरा सोडल्यासारखा आत कुठेतरी उत्तर शोधायला जायचा, आणि पोहरा वर येईपर्यंत ती उत्तर देऊन मोकळी व्हायची.

“त्यांनाच बोलू द्या, काकू.”

तिने तोंड मिटलं. पडद्यावर त्याच्या मेंदूचा एमआरआय उघडा होता. करड्या रंगात पांढरे डाग, भिंतीला ओल यावी तसे. बाईंनी नुकतंच समजावलं होतं. मेंदूच्या आतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब होत जातात, रक्त पुरत नाही, आणि माणूस चालण्यात, बोलण्यात, विचारातही मंदावतो. रक्ताच्या तपासणीतही एक खूण वाढलेली आली होती. मेंदूचे तंतू झिजले, की ती वाढते म्हणे. “पण नुसत्या आकड्यावर जायचं नसतं,” बाई म्हणाल्या होत्या. “घरच्यांनी काय पाहिलं, तेही जुळवून बघावं लागतं.”

ते रक्त तिनेच काढलं होतं. अठ्ठावीस वर्षं लॅबमध्ये तिचं तेच काम. दंडाला पट्टा बांधला, की पहिल्या टोचणीत शीर सापडायची. भेदरलेली पोरंसुद्धा तिच्यापुढे निमूट हात करायची. त्या दिवशीही तिने नळी सफाईने भरली, आणि भरता भरता नवऱ्याला सुनावलं, “मूठ आवळा म्हटलं ना? किती वेळ लागतो हो तुम्हाला!”

“दोन-तीन महिने झाले असतील,” नवरा अखेर म्हणाला. तिच्याकडे न बघता. “घरात कुणाच्या लक्षात यायचं कारणच नाही. मी बोललोच नव्हतो.”

“म्हणजे अचानक सुरू झालं? तसं असेल, तर मला दुसरंच काहीतरी शोधावं लागेल. बऱ्याच तपासण्या कराव्या लागतील. नक्की ना?”

तो मान डोलावू लागला. तो खोटं बोलत होता, आणि कुणाला पाठीशी घालत होता ते तिला पुरतं कळत होतं.

“नाही,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. दोन वर्षं आणि चार महिने.”

“इतकं नेमकं कसं सांगता?”

तिने पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“दिराच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. जेवणं झाली. हे हात धुवायला आत गेले होते. मी दिरांचा चष्मा नाकावर चढवला आणि यांच्या चालण्याची नक्कल केली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. जाऊबाईंनी तर पुन्हा करायला लावली.” तिने बंद सोडला. “नंतरही करायचे मी. कुणी आलं-गेलं की.”

बाई आता काहीतरी बोलतील, म्हणून ती मान खाली घालून बसली. बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

“करून दाखवता?”

“काय?”

“तीच नक्कल. तेव्हा ते कसे चालत होते, हे आता दुसरं कोण सांगणार मला? इथून दारापर्यंत जा आणि परत या.”

“नको हो बाई.”

“काकू, त्याने फरक पडेल.”

पर्स खुर्चीवर ठेवून ती उठली. पाय फाकवले, गुडघे जरासे वाकवले. तळवा न उचलता पाऊल पुढे सरकवलं, मग दुसरं. ओल्या फरशीवरून जावं तशी आखूड, घासती पावलं. खोलीत चपलांचा तेवढा आवाज. दाराशी पोचल्यावर ती वळली, एकदम नाही, तुकड्या-तुकड्याने. सगळ्यांत मोठा हशा नेहमी इथेच पडायचा. तिचं अंग सवयीने क्षणभर तिथे थांबलं, हसण्याला जागा सोडून.

कुणी हसलं नाही. बाई ओठांतल्या ओठांत पावलं मोजत होत्या.

“हात हलायचे तेव्हा?”

“हो. चांगले हलायचे.” तिने हात हलवून दाखवले.

“वळताना पाच पावलं घेतलीत. तेव्हाही पाचच?”

“तेव्हा चार,” ती म्हणाली. “पाच या वर्षी झाली.”

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. “म्हणजे हळूहळूच वाढत आलंय. बरं झालं सांगितलंत. आता रक्तदाब नीट सांभाळायचा, रोज चालायचं. पुष्कळ काही करता येईल.” मग त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, खरंखुरं. “खरं सांगू, काकू? फार थोड्या घरांत माणसाकडे इतकं लक्ष असतं.”

ती दाराशीच उभी होती, पाय फाकलेलेच. ते जवळ कसे घ्यायचे, हे तिला सुचत नव्हतं. नवरा तिच्याकडे पाहत होता. आजवर त्याच्या कानावर आतल्या खोलीत फक्त हसणं यायचं. नक्कल त्याने आज पहिल्यांदा पाहिली होती.

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. त्याचे ओठ हलले, थांबले. या वेळी तिने मधे तोंड घातलं नाही. त्याने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली, खुर्ची मोकळी केली.

“बस गं आता,” तो म्हणाला. “तसं चालून फार दमायला होतं.”