शून्य

मंजुळा म्हशीच्या गळपट्ट्याने तिच्या ढेकरांतला मिथेन वायू पुन्हा मर्यादेबाहेर मोजला, तर सरकारी माणसं तिला नेणार होती आणि गोठ्याच्या जागी तूर पेरणार होती. वैरण कमी तर ढेकर कमी, म्हणून गेनूअण्णा पंधरा दिवस तिला अर्धपोटी ठेवत होते.

तपासणीच्या सकाळी त्यांनी गळपट्ट्याचा आकडा दाखवणारा घरातला फलक पाहिला.

"कोंडे, आकडा शून्यावर आला. आता बघू, कोण नेतंय तिला."

"जितं जनावर ढेकर दिल्याबिगर ऱ्हातं व्हय?" म्हणत कोंडाबाई गोठ्यात धावली. तिने आडव्या पडलेल्या मंजुळेच्या जबड्याला हात लावला.

"अवो, रवंथ करीत न्हाई ती."

अण्णांनी वाचवलेल्या कडब्याच्या सगळ्या पेंढ्या आणून तिच्या तोंडाशी ठेवल्या. गळपट्ट्याचा दिवा हिरवाच राहिला.