उष्टी हळद

लेकाची उष्टी हळद घेऊन आम्ही बायका नवरीच्या मांडवात गेलो. माझी नणंद शेवंता नवरीच्या पाठीला हळद खसाखसा चोळता चोळता थांबली. "वहिनी, पाठभर पुटकुळ्या हायेत. आपल्यापासून झाकल्या यांनी."

पोरीनं पदर गच्च ओढला. तिच्या आईचा चेहरा पडला.

मी म्हटलं, "तुझ्या भाच्याच्या पाठीवर याहून जास्त हायेत. सकाळी त्याला हळद लावताना तुझ्या तोंडाला कुलूप होतं का?"

हळदीची वाटी शेवंताकडून काढून घेतली. "पोरी, चोळलं की चिघळतं. घामाचे कपडे लगेच बदल, नखं लावू नको. नवऱ्यालाही सांग, माझं तर ऐकत नाही तो."

पोरीनं पदर सोडला. मी हळदीचं बोट हलकेच टेकवलं.

"शेवंता, आता गाणं म्हण. आवाज मोठा आहे तुझा."